यूव्ही बाटली आणि पावसाळ्यातलं पाणी: कोल्हापूरच्या प्रकल्प नोंदी

५ मे

काम ठरलं ते असं. पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला जाणारे गट आणि पुरात बोटीतून फिरणारे स्वयंसेवक, या दोघांसाठी अर्ध्या लिटरच्या स्टीलच्या बाटलीला बसेल असं, पिण्याच्या पाण्यातले जंतू अतिनील प्रकाशाने निकामी करणारं यूव्ही-सी झाकण करायचं. ते कोणत्या पाण्यावर चालतं आणि कोणत्यावर चालत नाही, हे तपासून लिहून ठेवायचं. अशा तयार बाटल्या बाजारात मिळतात. झाकणात एलईडी असतो, बटण दाबलं की साठ सेकंद किंवा तीन मिनिटं निळा दिवा लागतो. खोक्यावर लिहिलेली ही वेळ निवळ पाण्यासाठीची असते. आपल्याकडे अशा बाटलीची गरज पडते ती जून ते सप्टेंबरात, आणि तेव्हा ओढा, नदी, विहीर सगळंच गढूळ. म्हणून झाकणापेक्षा पाण्यावर जास्त वेळ जाणार, हे धरूनच चाललो आहोत.

पेनासारखा पाण्यात बुडवायचा दिवाही विचारात घेतला होता. त्याला लिटरभर पाण्यासाठी दीड मिनिट पुरतं, प्रकाश पाण्याच्या मधोमध पडतो, ही मोठी सोय. पण आत पाऱ्याच्या वाफेची क्वार्ट्झ नळी असते. सॅक आपटली की फुटते. उघड्या भांड्यात ढवळताना वरून पाऊस पडत असतो तो वेगळाच. बाटली बंद राहते, म्हणून बाटली.

८ मे

आधी गणित, मग खरेदी.

यूव्ही-सी म्हणजे २०० ते २८० नॅनोमीटरचा प्रकाश. जंतूंचा डीएनए साधारण २६५ च्या आसपास तो सर्वात जास्त शोषतो. पाऱ्याचा दिवा २५४ वर चालतो, बाटल्यांतले एलईडी बहुतेक २६५ ते २८० मध्ये. या प्रकाशाने डीएनएतले शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात आणि जंतूची पुढची वाढ थांबते. जंतू पाण्यातच राहतो, फक्त त्याची प्रजा होत नाही. पोट बिघडायला प्रजा लागते, त्यामुळे एवढं पुरतं.

मात्रा मोजतात मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये. पुढे नुसतं मिलिज्यूल लिहू. ई. कोलाय दहा हजारांत एक उरेल इथवर आणायला साधारण ८ ते १० लागतात. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे जुलाब लावणारे एकपेशीय परजीवी हजारात एकावर आणायला ११-१२. हे दोघे क्लोरीनला चिवट, क्रिप्टोस्पोरिडियम तर फारच. यूव्हीपुढे मात्र नरम. विषाणूंचं उलटं आहे. रोटाव्हायरसला ४० च्या आसपास, तर अ‍ॅडिनोव्हायरसला १८६ धरतात. खोक्यावरचे ‘९९.९९९९ टक्के’ बहुधा जिवाणूंबद्दल असतात, विषाणूंचा उल्लेख आहे का ते बारीक अक्षरांत शोधावं. घरगुती यूव्ही यंत्रांच्या प्रमाणनात वरच्या वर्गाला ४० मिलिज्यूल लागतात. आम्हीही लक्ष्य ४० च ठेवलं.

आता बाटली. आतला व्यास ६.५ सेंमी, म्हणजे काटछेद ३३ चौ. सेंमी, आणि अर्धा लिटर पाण्याची उंची १५ सेंमी. १० मिलिवॅट प्रकाश देणारा एक एलईडी साठ सेकंदांत ६०० मिलिज्यूल ऊर्जा टाकतो. सगळी सरळ खाली गेली तरी ६०० भागिले ३३, म्हणजे १८. पण ती सरळ जात नाही. एलईडीचा कोन रुंद असतो, बराच प्रकाश भिंतीवर आपटतो, आणि स्टील यूव्ही-सीचा जेमतेम पंचवीस ते तीस टक्के भागच परत फेकतं. निम्मा गेला असं धरलं. उरले ९. त्यात अजून पाण्याने शोषलेला भाग वजा व्हायचाच आहे.

म्हणून एकाऐवजी १० मिलिवॅटचे दोन एलईडी आणि वेळ पाच मिनिटं. २० गुणिले ३०० म्हणजे ६००० मिलिज्यूल, ३३ ने भागून १८२, भिंतीचा तोटा काढून ९१. पाण्यासाठी हातात आता काहीतरी शिल्लक आहे.

१४ मे

भाग मागवले. २७५ नॅनोमीटरचे एलईडी, अ‍ॅल्युमिनियमच्या पाठीच्या प्लेटवर बसवलेले. क्वार्ट्झची चकती, २० मिमी व्यास, २ मिमी जाडी. साधी काच इथे अजिबात चालत नाही. खिडकीची काच, बोरोसिलिकेट काच, पेट प्लॅस्टिक, पॉलिकार्बोनेट, यातून यूव्ही-सी जवळजवळ जातच नाही. क्वार्ट्झ म्हणून काच पाठवलेली असू शकते, त्यामुळे प्रत्येक चकती सेन्सरसमोर धरून तपासायची. गळती रोखायला खाद्य दर्जाच्या सिलिकॉनच्या ओ-रिंगा. १८३५० आकाराची लिथियम बॅटरी, १००० मिलिअँपिअर-तासांची. व्होल्टेज वाढवणारा स्थिर-करंट ड्रायव्हर, रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा), छोटे चुंबक.

एलईडीचा दाब साधारण ६ व्होल्ट, करंट १०० मिलिअँपिअर. दोन मालिकेत जोडले की १२ व्होल्ट, १.२ वॅट. ड्रायव्हरचा तोटा धरून बॅटरीतून १.४ वॅट निघतात. बॅटरीत ३.७ वॅट-तास, त्यातले ऐंशी टक्के वापरले तर साधारण दोन तास, म्हणजे पाच मिनिटांच्या पंचवीसेक फेऱ्या, बारा-साडेबारा लिटर पाणी. दोघांना दोन दिवस पुरेल, जपून वापरलं तर.

२१ मे

झाकणाचं धड उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर टर्न करून घेतलं, ३०४ स्टीलमध्ये. प्लॅस्टिकचं झाकण स्वस्त पडलं असतं, पण त्यात दोन अडचणी आहेत. यूव्ही-सीने एबीएस आणि पॉलिकार्बोनेट पिवळं पडून तडकतं. दुसरी अडचण उष्णतेची. एलईडीला दिलेल्या १.२ वॅटपैकी प्रकाश होतो फक्त ०.०२ वॅट, बाकी सगळी उष्णता. ती काढून घेतली नाही तर एलईडी तापतो, प्रकाश घटतो, आयुष्यही घटतं. स्टीलच्या झाकणाला प्लेट थर्मल पेस्ट लावून दाबून बसवली की उष्णता झाकणात आणि तिथून पाण्यात जाते. पेस्ट कागदाइतकी पातळ असावी, जाड थर उलट अडवतो.

क्वार्ट्झच्या खालची कडा ०.५ मिमी आत घेतली, म्हणजे बाटली टेबलावर उलटी ठेवली तरी चकती घासत नाही. ओ-रिंगची खाच रिंगच्या जाडीच्या तीन चतुर्थांश खोल. पहिल्या तुकड्यात खाच पूर्ण जाडीएवढी झाली होती. रिंग दाबलीच जात नव्हती, पाणी झिरपलं. खाच नव्याने कापण्यापेक्षा जाड रिंग घातली.

२७ मे

सुरक्षिततेचं सर्किट. हा प्रकाश डोळ्यांत गेला की वेल्डिंगची आर्क लागते तसंच होतं. लगेच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. उद्यमनगरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २७० नॅनोमीटरला आठ तासांसाठी धरलेली मर्यादा ३ मिलिज्यूल आहे, आणि उघडं झाकण जवळ धरलं तर ती काही सेकंदांतच ओलांडली जाते. म्हणून झाकण पूर्ण बसल्याशिवाय एलईडी लागता कामा नये.

बाटलीच्या गळ्याला बाहेरून चुंबक, झाकणात रीड स्विच. चुंबक जोरकस निघाला, झाकण दोन आटे सैल केलं तरी स्विच बंदच राहायचा. ५ मिमीऐवजी ३ मिमीचा चुंबक लावला. आता पाव फेरा सैल झालं की दिवा जातो. प्रत्येक झाकणाची ही तपासणी सेन्सर लावून करायची, डोळ्याने नाही. डोळ्याला जो निळा उजेड दिसतो तो यूव्ही-सी नसतो. बऱ्याच बाटल्यांत तो वेगळा निळा एलईडी असतो, फक्त सूचना म्हणून. तो चालू आणि मुख्य एलईडी मेलेला, असंही होऊ शकतं.

म्हणूनच आमचा सूचक दिवा एलईडीच्या करंटवर चालतो. दोन्ही एलईडीतून १०० मिलिअँपिअर जात असतील तरच हिरवा, ९० च्या खाली गेलं की लाल आणि फेरी रद्द. बॅटरी ३.३ व्होल्टला आली की नवी फेरी सुरूच होत नाही. अर्धवट फेरी झालेलं पाणी हे न झालेल्या पाण्यापेक्षा वाईट, कारण माणूस ते निर्धास्तपणे पितो.

४ जून

पाण्यातून किती यूव्ही पार जातो ते मोजायचा डबा केला. काळ्या पीव्हीसी नळीचा तुकडा, वर एलईडी, मध्ये दोन क्वार्ट्झ चकत्यांत बरोबर १ सेंमी अंतर, खाली यूव्ही सेन्सर. बाहेरचा उजेड पूर्ण बंद, नाहीतर सेन्सर उन्हालाही दाद देतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी भरून येणारं रीडिंग शंभर धरायचं आणि बाकी पाण्यांची टक्केवारी काढायची. एलईडी लावल्यावर दोन मिनिटं थांबूनच रीडिंग घ्यावं, गरम होताना ते खाली सरकत जातं.

या टक्केवारीचा परिणाम केवढा असतो ते अर्धा लिटर बाटलीच्या १५ सेंमी खोलीवर बघू. सेंमीला ९५ टक्के पार जात असेल तर तळाशी ४६ टक्के प्रकाश पोचतो आणि बाटलीभर सरासरी ७० टक्के मिळतो. ९० टक्के असेल तर तळाशी २१, सरासरी ५०. ८० टक्के असेल तर तळाशी साडेतीन टक्के आणि सरासरी २९. डोळ्याला ९५ आणि ८० मध्ये फरक कळणंही कठीण. आमच्या ९१ मिलिज्यूलांचे मग अनुक्रमे ६३, ४६ आणि २६ होतात. म्हणजे ४० चं लक्ष्य ९० टक्क्यांपर्यंतच गाठता येतं. तिथेच रेघ ओढली: ९० च्या खालचं पाणी बाटलीत घालायचं नाही, आधी निवळायचं.

सरासरी मिळण्यासाठी पाणी फिरत राहिलं पाहिजे. बाटली नुसती ठेवून दिली तर वरच्या पाण्याला भरपूर आणि तळाच्याला नगण्य प्रकाश. दर दहा सेकंदांनी एकदा उलटीसुलटी करायची. त्यासाठी गळ्याशी दोन बोटं जागा सोडावी, काठोकाठ भरली तर आत काही हलत नाही.

१२ जून

पाऊस लागला. नमुने आणले. नळाचं पाणी ९६ टक्के. करवीर तालुक्यातल्या एका बांधीव विहिरीचं ९३. पंचगंगेचं घाटावरून घेतलेलं पाणी मोजण्यापलीकडे, सेन्सरला जवळजवळ काही मिळतच नाही.

नदीचं पाणी चौपदरी वस्त्राने गाळलं. काडीकचरा गेला, रंग तसाच. कापड जुनं, खूप धुतलेलं सुती असेल तर धागे फुगून छिद्रं बारीक होतात, त्यामुळे नव्यापेक्षा जुनं लुगडं सरस. पण मातीचे अगदी बारीक कण त्यालाही सापडत नाहीत. ते बसवायला तुरटीच लागते.

१८ जून

तुरटीच्या चाचण्या. घराघरांत तुरटीचा खडा पाण्यात फिरवतात, पण किती फिरवला याचा हिशेब नसतो. कमी झाली तर गढूळपणा राहतो, जास्त झाली तर तुरट चव. त्यापेक्षा द्रावण बरं: अडीच ग्रॅम तुरटी पाव लिटर पाण्यात, म्हणजे एक टक्का. यातल्या १ मिलीत १० मिलिग्रॅम तुरटी. सुई नसलेल्या ५ मिलीच्या सिरिंजने मापायचं.

एक लिटरच्या सहा बाटल्यांत २, ३, ४, ५, ६ आणि ८ मिली घातलं. एक मिनिट जोरात ढवळलं, मग दहा मिनिटं हलक्या हाताने, चमचा मिनिटाला वीस-पंचवीस फेरे फिरेल एवढंच. ही दहा मिनिटं कुणी देत नाही आणि सगळं तिथेच फसतं. बारीक कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके व्हायला तेवढा वेळ लागतो. जोरात ढवळलं तर झालेले पुंजके फुटतात. मग तासभर हात न लावता ठेवलं.

नदीच्या पाण्याला ४ ते ५ मिलीत चांगला साका बसला. २ आणि ३ मिलीत वरचं पाणी धुरकट राहिलं. ८ मिलीत काही जास्त फायदा दिसला नाही. वरचं पाणी साका न हलवता दुसऱ्या भांड्यात ओतलं, चौपदरी वस्त्राने गाळलं आणि मोजलं: ९१ टक्के. तुरटी गढूळपणाबरोबर पानापाचोळ्याचा विरघळलेला रंगही थोडा ओढून नेते, आणि यूव्हीच्या वाटेत तो रंग फार आडवा येतो.

२३ जून

गढूळपणा मोजायची नळी: अ‍ॅक्रिलिकची पारदर्शक, ६० सेंमी लांब, तळाला काळी फुली. वरून बघत पाणी ओतायचं, फुली दिसेनाशी झाली की थांबायचं. नळी पूर्ण भरूनही फुली दिसली तर पाणी साधारण ५ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात १ एनटीयू ही इष्ट मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतं. प्रवासात नळी नेणं अवघड. पारदर्शक लिटरची बाटली ‘पुढारी’च्या मथळ्यावर उभी ठेवून तोंडातून खाली बघणं ही उन्हात पाणी ठेवण्याच्या पद्धतीतली जुनी खूण आहे, पण ती ३० एनटीयूची. आमच्या कामाला ती फार ढिली आहे. दोन तुकड्यांत जोडता येईल अशी नळी करायला दिली.

२६ जून

जिवाणूंची चाचणी. रोजच्या कामाला एच-टू-एस बाटल्या: २० मिली पाणी घालायचं, काळं झालं तर विष्ठेच्या दूषिततेचा संशय. त्यावर ३० ते ३५ अंशांची ऊब लागते. सध्या खोलीत २३-२४ अंश आहे. अशा थंडाव्यात चोवीस तासांत काळं झालं नाही म्हणून पाणी चांगलं असं म्हणता येत नाही. थर्माकोलच्या खोक्यात कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि अठ्ठेचाळीस तासांपर्यंत पाहिलं. प्रत्येक खेपेला एक बाटली उकळलेल्या पाण्याची आणि एक कच्च्या नदीच्या पाण्याची, ताळ्यासाठी. उकळलेलं काळं झालं तर सगळी खेप बाद.

ही चाचणी फक्त हो किंवा नाही सांगते, किती ते सांगत नाही. म्हणून नमुने प्रयोगशाळेतही दिले, १०० मिलीत ई. कोलाय किती ते मोजायला. बर्फात ठेवून, सहा तासांच्या आत. यूव्ही झालेला नमुना काळ्या कापडात गुंडाळूनच न्यायचा. उजेडात काही जिवाणू स्वतःचा डीएनए दुरुस्त करून घेतात, आणि बाटली चांगली असूनही निकाल वाईट येतो. प्यायचं पाणीही याच कारणाने स्टीलच्या बंद बाटलीतच ठेवावं.

३ जुलै

निकाल आले. नदीचं गढूळ पाणी नुसतं पाच मिनिटं यूव्हीत ठेवलेलं: ई. कोलाय सापडले. मातीच्या कणाआड बसलेल्या जंतूपर्यंत प्रकाश पोचत नाही, वेळ दुप्पट केली तरी तो आडोसा तसाच राहतो. तुरटी, वस्त्र आणि मग पाच मिनिटं: १०० मिलीत शून्य.

पण निवळलेल्याच पाण्याच्या एका नमुन्यात थोडे सापडले. पाणी तेच, झाकण तेच, वेळ तीच. फरक भरण्यात होता. ती बाटली सरळ बादलीत बुडवून भरली होती. गळ्याचे आटे कच्च्या पाण्याने ओले झाले, झाकण बसल्यावर ते पाणी आट्यांच्या खाचांत अडकून राहिलं. तिथे प्रकाश जात नाही. पिताना किंवा ओतताना तोंडाशी पहिलं येतं ते तेच पाणी. आट्यांत थांबणारं पाणी दोन-चार थेंबच असतं, पण कच्च्या नदीचे चार थेंब निकाल फिरवायला पुरतात.

उपाय दोन. बाटली कधीही बुडवायची नाही, तांब्याने किंवा नरसाळ्याने भरायची. भरून झाल्यावर गळा, आटे आणि झाकणाची आतली कड स्वच्छ कोरड्या रुमालाने पुसायची, मगच झाकण लावायचं. त्याच रुमालाने हात पुसायचे नाहीत. बाहेरून आटे असलेली बाटली यात बरी, एका फेऱ्यात पुसून होते. आतून आटे असलेल्या बाटल्या यादीतून काढल्या.

१३ जुलै

म्हसाई पठारावरचं पाणी. जांभ्याच्या सड्यावरून वाहणारा ओहोळ, गुरांच्या वाटेजवळचा. पेल्यात घेतलं तर बऱ्यापैकी निवळ, कोऱ्या चहाची अगदी पुसट छटा. नळीत फुली शेवटपर्यंत दिसली. मापकात ७८ टक्के. या खेपेचा सर्वात महत्त्वाचा आकडा हाच. गढूळपणाची नळी पास करते ते पाणी यूव्हीसाठी नापास असू शकतं, कारण विरघळलेलं लोह आणि कुजलेल्या पाल्याचा रंग डोळ्याला दिसतो त्याहून कितीतरी जास्त यूव्ही-सी शोषतो.

तुरटी घातली तर पुंजकेच होईनात. नदीच्या पाण्यात पाच मिलीत होणारं काम इथे आठ मिलीतही होईना. कारण पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद. सड्यावरचं पाणी जवळजवळ पावसाचंच, त्यात बायकार्बोनेट फार थोडं. ४० मिलिग्रॅम तुरटीला साधारण १३ मिलिग्रॅम अल्कलिनिटी लागते. ती नसली की पाणी आम्ल होतं आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळलेलंच राहतं. खाण्याच्या सोड्याचं तसंच एक टक्क्याचं द्रावण केलं. लिटरला आधी अडीच मिली सोडा, ढवळून मग ५ मिली तुरटी. पुंजके धरले, गाळून ९० टक्के. लक्षात ठेवायला सोपं: पठारावर तुरटीच्या निम्मा सोडा. नदी-विहिरीच्या पाण्याला गरज नाही.

वर धुक्यात हात गार पडलेले असताना सिरिंजने मोजणं जिकिरीचं आहे हे खरं. त्यासाठी लिटरच्या हिशेबाने तुरटीच्या आणि सोड्याच्या वेगवेगळ्या छोट्या कुप्या आधीच भरून ठेवणार.

१७ जुलै

मोहिमेवरून परत आलेली झाकणं उघडली. काय बिघडलं:

दोन झाकणांत क्वार्ट्झच्या आतल्या बाजूला दव. दमट हवेत झाकण बंद केलं की ती वाफ आत अडकते, गार पाणी भरल्यावर चकतीवर जमते. थेंब प्रकाश विखुरतात. आता जोडणी कोरड्या खोलीत, एलईडीशेजारी सिलिका जेलची पुडी, आणि बंद करण्याआधी केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा.

एकाच्या यूएसबी खाचेत हिरवट गंज. रबरी बूच नीट न दाबता पावसात चार्ज केलं होतं. खाच काढून टाकायचं ठरवलं. झाकणाचा वरचा भाग उघडून बॅटरी बदलायची, चार्जिंग घरी. जुलैत सौर पॅनेल घेऊन जाण्यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा बॅटरीची एक जादा जोडी हलकी पडते.

एका चकतीवर पांढरी झाक, बोअरचं जड पाणी वापरल्याने. चमचाभर लिंबूसत्व पेलाभर पाण्यात घालून दहा मिनिटं भिजवलं, मऊ कापडाने पुसलं, निघालं. तारेच्या घासणीने घासलं तर ओरखडे कायमचे. बोटांचे ठसेही यूव्ही शोषतात, चकतीला हात लागला तर स्पिरिटने पुसावी.

ताक आणि सरबत भरण्याचा प्रकार एका बाटलीत झालेला दिसतो. चकतीवर साय धरली होती. झाकणावर ‘फक्त पाणी’ असं कोरून घेणार.

२४ जुलै

पुराच्या वापराबद्दल निर्णय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं आणि सगळीकडे पाणी असून पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. अशा वेळी कुटुंबाच्या घागरी-हंड्यांसाठी ही बाटली नाही. अर्धा लिटरला पाच मिनिटं, म्हणजे वीस लिटरच्या घागरीला सव्वातीन तासांहून जास्त, आणि तेवढी बॅटरीही नाही. तिथे मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्याच योग्य: अर्धा तास थांबलं की झालं, आणि पाण्यात शिल्लक राहिलेलं क्लोरीन पुढच्या हात बुडवण्यालाही पुरतं. यूव्ही झालेल्या पाण्यात असं काही शिल्लक राहत नाही. दुसऱ्या भांड्यात ओतलं की ते त्या भांड्याइतकंच स्वच्छ. इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची साथ आली होती. तसल्या वेळी घरोघर पाणी उकळणं आणि क्लोरीन यांची जागा बाटली घेऊ शकत नाही.

बाटली स्वयंसेवकाच्या कमरेला. टँकरचं किंवा विहिरीचं संशयास्पद पाणी प्यावं लागलं तर. पुराचं पाणी निवळूनही त्यात घालायचं नाही: डिझेल, शेतातली तणनाशकं, सांडपाण्यातली रसायनं यांपैकी काहीही या प्रकाशाने जात नाही.

३० जुलै

याच मुद्द्यासाठी रंकाळ्याचं हिरवट पाणी आणि ऊसपट्ट्यातल्या एका विहिरीचं पाणी तपासलं, दोन्ही पिण्यासाठी नव्हे. विहिरीत नायट्रेट होतं. यूव्हीच्या आधी आणि नंतर रीडिंग सारखंच. क्षार, जडपणा, फ्लोराइड यांचंही तेच. निळ्या-हिरव्या शेवाळात विष असू शकतं आणि ते या मात्रेला दाद देत नाही. हिरवं पाणी निवळून चांगलं दिसलं तरी सोडून द्यावं.

६ ऑगस्ट

बाटलीला बांधायच्या कार्डाचा मजकूर पक्का केला. पाणी तांब्याने घ्या. लिटरला तुरटीचं द्रावण ५ मिली, पठारावर आधी सोड्याचं अडीच मिली. एक मिनिट जोरात, दहा मिनिटं हळू, एक तास थांबा. चौपदरी जुनं सुती कापड. नळीत फुली शेवटपर्यंत दिसली पाहिजे. चहाची छटा उरली असेल तर बाटलीत घालू नका. दोन बोटं कमी भरा, गळा पुसा, झाकण घट्ट. हिरवा दिवा असेपर्यंत पाच मिनिटं, दहा सेकंदांनी एकदा उलटी. लाल लागला तर पुन्हा पहिल्यापासून. त्याच बाटलीतून, त्याच दिवशी प्या.

कार्ड दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, भोक पाडून नायलॉनच्या दोरीने गळ्याला. पुढच्या खेपेसाठी १२ ओ-रिंगा, क्वार्ट्झच्या ४ चकत्या आणि १८३५० च्या बॅटऱ्या मागवल्या. एलईडीचा प्रकाश दर तीन महिन्यांनी मापकावर ठेवून बघायचा. नव्याच्या सत्तर टक्क्यांखाली गेला की दोन्ही एकदम बदलायचे.